‘कसं करता?’ या प्रश्नाच्या बाजूने

डाळ शिजत नाही, काय करू? मोगऱ्याला यंदा फुलंच धरली नाहीत, कशामुळे? लिंबाच्या लोणच्यावर बुरशी येते, तुमच्याकडे येत नाही का? असले प्रश्न लोकलच्या डब्यात, जिन्यात, ऑफिसात डबे उघडले की, आणि आता मोबाइलवरही दिवसभर विचारले जातात. त्यांच्याविषयी शिकल्यासवरल्या माणसांमध्ये दोन मतं दिसतात. एक तुच्छतेचं. ही सगळी टाइमपास बडबड. माहिती हवी असेल तर पुस्तकं आहेत, फोन आहे, माणसांच्या डोक्याला ताप कशाला? दुसरं मत गहिवराचं. उत्तराला काही महत्त्व नाही हो, त्या निमित्तानं माणसं एकमेकांशी बोलतात, जिव्हाळा टिकतो, तेच खरं.

वरवर पाहता ही मतं एकमेकांविरुद्ध आहेत. पण दोन्हींच्या तळाशी एकच समजूत आहे: या प्रश्नांत आणि उत्तरांत तसा काही दम नाही. म्हणून पहिला पक्ष त्यांना हाकलतो आणि दुसरा त्यांना माफ करतो. ही समजूतच मला उथळ वाटते. खाण्यापिण्याच्या, बागेच्या, शिवणाच्या, छंदांच्या साध्या प्रश्नोत्तरांतून एका खास जातीचं ज्ञान तयार होतं. ते पुस्तकात मावत नाही, आणि कुणी विचारलंच नाही तर ते अस्तित्वातही येत नाही. जिव्हाळा निर्माण होतो हे खरं, पण तो या कामाच्या ओघात, आणि तोही प्रश्न खरा असेल तरच.

१. चुकीच्या उत्तराची कसोटी

ट्रोब्रियांड बेटांवर राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात असं मांडलं, की माणसांचं पुष्कळसं बोलणं विचार पोचवण्यासाठी नसतंच. हवापाण्याच्या, खुशालीच्या गप्पांचं काम एकत्र बसलेल्यांना बांधून ठेवण्याचं. निरीक्षण पक्कं आहे. आपलं ‘काय, बरंय ना?’ किंवा ‘जेवण झालं का?’ याच वर्गात बसतं. गोंधळ होतो तो हेच निरीक्षण साऱ्या घरगुती बोलण्यावर सरसकट लावलं जातं तेव्हा.

फरक ओळखायला एक कसोटी पुरते. उत्तर चुकीचं दिलं तर काय बिघडतं? ‘जेवण झालं का?’ या प्रश्नाला उपाशी माणूस ‘हो, आत्ताच’ म्हणून मोकळा होतो आणि कुणाचंच काही अडत नाही. उलट ‘डाळ का शिजत नाही?’ याला उत्तर चुकलं तर संध्याकाळी पाहुण्यांसमोर कच्चं वरण येतं. ज्या प्रश्नाच्या उत्तराची किंमत मोजावी लागते तो प्रश्न केवळ बोलायचं म्हणून विचारलेला नसतो. विचारणाऱ्याला खरोखर काहीतरी हवं असतं. या दोन प्रकारांची गल्लत केली की दुसऱ्या प्रकारातलं ज्ञान दिसेनासं होतं, आणि मग गहिवर काढणं सोपं जातं.

२. एका डाळीची चार कारणं

आता त्या डाळीकडेच नीट पाहू. पुस्तक काय सांगतं? डाळ धुवा, भिजवा, अडीच-तीनपट पाणी घाला, शिट्ट्या करा. हे चूक नाही. पण हे उत्तर कुणा एकाच्या डाळीबद्दल नाही. जाणत्या बाईला किंवा बुवाला हाच प्रश्न विचारला तर ते उत्तर देतच नाहीत, उलट विचारतात. डाळ जुनी आहे का? वर्ष-दीड वर्ष दमट, उष्ण जागी पडून राहिलेली डाळ कडक होते आणि कितीही शिजवली तरी कणीदार राहते. पाणी बोअरचं का? जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळीची सालं-पेशी घट्ट होतात, म्हणून मराठवाड्यातल्या कित्येक गावांत नळाच्या आणि विहिरीच्या पाण्याची डाळ वेगवेगळी शिजते. चिंच किंवा टोमॅटो आधीच घातलास का? आंबट पदार्थ पडला की डाळ मऊ होणं लांबतं, म्हणून आमटीत चिंचेचा कोळ शेवटी. आणि राहायला कुठे? समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशालाच उकळायला लागतं, त्यामुळे मुंबईच्या सवयीने चुलीवर ठेवलेली डाळ तिथे कच्ची राहणारच.

म्हणजे तक्रार एक, कारणं चार, उपायही चार. जुन्या डाळीला चिमूटभर सोडा किंवा सरळ नवी डाळ, जड पाण्याला गाळलेलं पिण्याचं पाणी, आंबटाला क्रम बदलणं, उंचीला कुकर. यातलं कुठलं लागू आहे हे डाळ समोर असलेल्या माणसालाच सांगता येईल, पण त्याला काय सांगायचं हेच माहीत नसतं. ते त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. म्हणून उलट विचारलेला प्रश्न हीच इथली पहिली विद्या. उत्तर त्याच्या नंतर येतं, आणि बऱ्याचदा उलट प्रश्न ऐकता ऐकताच विचारणारा म्हणतो, ‘अरे हो, चिंच!’

मोगऱ्याचंही तेच. ऊन किती तास? हिवाळ्याच्या शेवटी छाटणी केली होती का? मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो, त्यामुळे जुन्या फांद्या तशाच ठेवणाऱ्याला हिरवीगार कुंडी मिळते आणि फुलं मिळत नाहीत. खत कुठलं घातलं? नत्र जास्त झालं तर पानंच माजतात. पुस्तकात हे तिन्ही मुद्दे तीन वेगळ्या पानांवर असतात. तुमच्या कुंडीला त्यातलं कुठलं पान लागू आहे, हे मात्र पुस्तक सांगू शकत नाही.

३. हे फक्त स्वयंपाकघरातलं नाही

कुणी म्हणेल, घरगुती कामं मुळातच ढिसाळ, अंदाजपंचे. शास्त्रात असं चालत नाही. शास्त्रातही असंच चालतं. हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. टीईए लेसर नावाचं उपकरण कॅनडात प्रथम तयार झालं होतं आणि ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा ते बनवायच्या खटपटीत होत्या. शोधनिबंध छापलेले होते, आकृत्या होत्या. कॉलिन्स यांना आढळलं, की केवळ छापील मजकुराच्या आधारे चालणारा लेसर कुणालाच उभा करता आला नव्हता. ज्यांना जमलं त्यांचा कुणा ना कुणा जमलेल्याशी प्रत्यक्ष संबंध होता: भेटी, फोन, ‘हे तुमच्याकडे कसं करता?’ असले प्रश्न. अमुक तार इतकीच लांब हवी हे लिहिणाऱ्याला महत्त्वाचं वाटलंच नव्हतं, कारण त्याच्याकडे ती आपोआप तशीच होती.

रसायनशास्त्र सोडून तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या मायकेल पोलान्यी यांनी याच ज्ञानाची मांडणी केली: माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं त्याला सांगता येत नाही. मराठी घरांना हे नव्याने शिकवायची गरज नाही. ‘पीठ सैलसर भिजव’ म्हणणाऱ्या आजीला सैलसर म्हणजे किती हे विचारलं की ती पिठात बोट खुपसून दाखवते. पण पोलान्यींचं नाव घेऊन थांबणाऱ्यांशी माझं एक भांडण आहे. ते असं बोलतात, जणू हातातलं हे कौशल्य कायमचं मुकं आहे. ते मुकं नाही, त्याला कुणी नेमकं विचारावं लागतं. ‘पुरण कसं करता?’ याला आजी ‘त्यात काय, डाळ शिजवायची, गूळ घालायचा’ म्हणेल. ‘पुरण सैल झालं, आता काय?’ असं विचारलं की मात्र तिलाही आधी ठाऊक नसलेलं वाक्य तिच्या तोंडून निघतं: ‘डाळ निथळायला किती वेळ ठेवली होतीस?’ येणारी गोष्ट सांगण्याजोगी होते ती अशी, अडलेल्या माणसाच्या रेट्याने.

४. छापील पाकक्रियेची देणगी

इथे भूतकाळाबद्दल हळवं व्हायचा मोह होतो. पूर्वी बायका एकमेकींना विचारायच्या, आता पुस्तकं नि पडदे आले, सगळं गेलं, वगैरे. हा इतिहास खोटा आहे. पूर्वी विचारणं स्वस्त नव्हतं. नव्या सुनेने भाकरी थापताना प्रश्न विचारला तर ‘आईने काही शिकवलं नाही वाटतं?’ हे उत्तर ठरलेलं. ज्ञान घरातच होतं पण त्याच्यावर पहारा होता, आणि कित्येक सासवांनी आपला हात राखूनच ठेवला.

लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तिने वाटी-चमच्याचं माप घरोघर पोचवलं. परगावी बदली झालेल्या जोडप्यांच्या, परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या सामानात ती जाऊ लागली. या पुस्तकांनी केलेली मुक्तता मी कमी लेखत नाही. न विचारता शिकता येणं हीसुद्धा एक स्वातंत्र्याची गोष्ट आहे, विशेषतः ज्यांना विचारल्याबद्दल टोमणे खावे लागत त्यांच्यासाठी.

विचारण्याची भीती आपलीच नाही. लंडनमध्ये जॉन डंटन या प्रकाशकाने १६९१ साली ‘अथेनियन मर्क्युरी’ हे नियतकालिक सुरू केलं. वाचकांनी कुठलाही प्रश्न पाठवावा, नाव छापलं जाणार नाही, उत्तर मात्र छापून येईल. धर्म, प्रेम, निसर्गातली नवलं, वाटेल ते विचारलं गेलं. लोकांना प्रश्न होतेच. अडचण तोंड दाखवून विचारण्याची होती.

छपाईने तोंड लपवण्याची सोय केली. तिची किंमत एकच होती, पण मोठी: छापलेल्या पानाला उलट विचारता येत नाही. आणि पुस्तक ज्या दिवशी छापलं त्या दिवसाशी बांधलेलं राहतं. ‘रुचिरा’ पहिल्यांदा आली तेव्हा इंद्रायणी तांदूळ नव्हता. आंबेमोहोरापासून तयार केलेला हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. तो चिकट, त्याला पाणी कमी. इंद्रायणी घरोघर शिजू लागला तेव्हा जुन्या मापाने पाणी घालून भाताचा गोळा होत होता, आणि योग्य माप कुणा एका पुस्तकाने बसवलं नाही. ते वाण्याच्या दुकानात, भिशीला, फोनवर विचारून विचारून बसलं. कुकर, मायक्रोवेव्ह, इंडक्शनची शेगडी, प्रत्येकाच्या बाबतीत हीच कहाणी.

५. विचारणं आणि चौकशी करणं

इथवर मी ‘प्रश्न’ हा शब्द सरसकट वापरला. मराठी समाजात तसा तो वापरणं भाबडेपणाचं आहे. कारण खाण्याबद्दलचा प्रश्न आपल्याकडे निरागस नसतो. ‘तुम्ही काय खाता?’ हे भाड्याने घर बघायला आलेल्याला विचारलं जातं तेव्हा घरमालकाला पाककृती नको असते. ‘आडनाव काय म्हणालात?’ ‘मूळचे कुठले?’ ‘घरी मटण होतं का?’ या प्रश्नांतून माणसाची जात काढली जाते आणि त्यावरून दार उघडायचं की लावायचं हे ठरतं. हसतमुखाने, चहा देत देत विचारलं म्हणून हे प्रश्न स्नेहाचे ठरत नाहीत.

‘कसं करता?’ आणि ‘काय खाता?’ यांतला फरक सौजन्याचा नाही, दिशेचा आहे. पहिल्या प्रश्नात विचारणारा आपलं अज्ञान उघडं करतो आणि समोरच्याला जाणता मानतो. दुसऱ्यात विचारणारा परीक्षक होतो. तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, समोरच्याला मात्र उघडं पडावं लागतं. खऱ्या प्रश्नातून जिव्हाळा का निर्माण होतो याचं कारण इथे आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे, की पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातल्या एका विरोधकाकडे त्यांनी त्याच्या संग्रहातलं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं, आणि तो माणूस त्यानंतर मित्र झाला. उपकार करून नव्हे, मागून. मागणारा क्षणभर खाली बसतो, आणि समोरच्याला वर बसवतो. ज्या समाजात कोण वर नि कोण खाली हे जन्मावरून ठरलेलं, तिथे ही उलथापालथ लहान नव्हे.

म्हणून या ठिकाणी विचारायचा प्रश्न हा, की आपण कुणाला ‘कसं करता?’ विचारतो आणि कुणाला कधीच विचारत नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना आपण रोज सांगतो: तेल कमी, तिखट बेताचं, पोळ्या दहा. त्यांच्या घरी काय शिजतं, कसं शिजतं, हे किती घरांत विचारलं जातं? शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराची पुस्तकरूपाने दखल घेतली गेली. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, जे हाती येईल त्याला चवीला आणायच्या रीती, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या होतं. ‘महाराष्ट्रीय जेवण’ या नावाने पुस्तकं लिहिणाऱ्यांनी त्या चुलीपाशी जाऊन कधी विचारलं नव्हतं. त्या पुस्तकाचं नाव एका रुळलेल्या धर्मवचनाला उत्तर देतं, आणि ते उत्तर दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, रायगड, पालघरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. ही भाजी नुसती नेऊन शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि सोबत काकडं नावाची आंबट हिरवी फळं घालावी लागतात. ती विकणारीच वाट्यासोबत देते. तिला विचारलं तर ती सगळं सांगते: किती काकडं, केव्हा, आणि ती नसली तर चिंच की आमसूल. पण पुष्कळ गिऱ्हाईक तिच्याशी फक्त भाव करतं. मग घरी घसा खाजतो आणि ‘रानभाज्या आपल्याला मानवत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो.

६. चिमणीचा प्रश्न

छंदांबाबत हेच लागू आहे, आणि तिथे एक उदाहरण असं आहे की ते टाळता येत नाही. १९०८च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या एका मुंबईकर मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली, हे घरात कुणाला सांगता येईना. मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजींनी, चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड पोटापाण्यासाठी फिप्सन कंपनीत मद्याचा व्यापार सांभाळत आणि सोसायटीचं काम हौसेने करत. त्यांनी पक्षी ओळखून दिला, पण तेवढ्यावर मुलाला वाटेला लावलं नाही. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले, पुस्तकं वाचायला दिली, पुढे कातडी काढून जतन करायला शिकण्याची सोय लावून दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे.

हे उदाहरण ‘बघा, छोट्या प्रश्नातून केवढा मोठा माणूस घडला’ म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. मला ते त्यासाठी नको आहे. प्रश्न विचारणारा प्रत्येक मुलगा सलीम अली होत नाही आणि व्हायची गरजही नाही. लक्षात घ्यायची गोष्ट मिलार्ड यांची आहे. प्रश्नाला एका नावाचं उत्तर पुरेसं होतं. त्यांनी उत्तराऐवजी उत्तरं शोधायची रीत दिली. आणि असं करणारी माणसं त्या संस्थेत होती ती योगायोगाने नव्हे. १८८३ साली हौशी लोकांनीच ती स्थापन केली; तिच्या नियतकालिकात संशोधकांच्या दीर्घ लेखांबरोबर किरकोळ टिपणांचा एक विभाग असे, ज्यात मळेवाले, अधिकारी, शिक्षक आपापल्या परिसरात पाहिलेली एखादी गोष्ट चार ओळींत कळवत. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांबद्दलची कितीतरी माहिती त्या किरकोळ टिपणांत साठत गेली. जे मुंबईतल्या पक्ष्यांचं, तेच नाशिकच्या द्राक्षांचं आणि तुमच्या कुंडीतल्या मोगऱ्याचं होऊ शकतं.

७. आक्षेप

पहिला आक्षेप आता सर्वांत जोरकस आहे. उलट प्रश्न विचारणं हीच जर विद्या, तर ते आता यंत्रही करतं. फोनला ‘डाळ शिजत नाही’ म्हटलं की तो विचारतो: डाळ जुनी आहे का, पाणी जड आहे का? टोमणा नाही, वेळेचं बंधन नाही, सासू नाही. हे मला मान्य आहे. ज्याला रात्री अकरा वाजता कुणाला विचारायची सोय नाही, परक्या देशात जो एकटा आहे, किंवा ज्याला विचारल्याचीच लाज वाटते, त्याने खुशाल यंत्राला विचारावं. त्यात ‘माणुसकी हरवली’ म्हणून गळा काढण्यासारखं काही नाही.

पण यंत्राला हे कुठून आलं? माणसांनी एकमेकांना विचारलेल्या आणि उघड्यावर दिलेल्या उत्तरांतून. ती पेवातली साठवण आहे. पेव भरणारं कुणी राहिलं नाही तर खालचा दाणा जुना होत जातो. पुढचा इंद्रायणी येईल, पुढची शेगडी येईल, हवामान बदलून मोगरा महिनाभर आधी फुलायला लागेल. त्याबद्दलचं पहिलं उत्तर कुणातरी माणसाला आपल्या स्वयंपाकघरातून, आपल्या गच्चीवरून द्यावं लागेल, आणि ते देण्यासाठी कुणीतरी त्याला विचारलेलं असावं लागेल. शिवाय उत्तर देणारा देता देता शिकतो. निथळण्याबद्दलचं वाक्य आजीला सापडलं ते नातीने विचारलं म्हणून. यंत्राला विचारलं की नातीचं काम होतं, पण आजीच्या तोंडून ते वाक्य कधीच निघत नाही.

दुसरा आक्षेप: लोक चुकीचं सांगतात. सांगतात, बेधडक सांगतात. म्हणून प्रश्नांची प्रतवारी हवी. चुकीची किंमत एक पातेलं डाळ असेल तर शेजाऱ्याला विचारा. रानातली अळंबी खाण्याजोगी आहे का, बाळाचा ताप उतरत नाही, छातीत दुखतंय, हे जिन्यात विचारायचे प्रश्न नव्हेत. तिथे जाणकार आणि डॉक्टर. ‘आमच्याकडे तर आम्ही असंच करतो आणि काही होत नाही’ हे वाक्य लोणच्याच्या बाबतीत पुरावा मानता येईल, औषधाच्या बाबतीत नाही. याहून जास्त काही म्हणायची मला गरज वाटत नाही.

तिसरा आक्षेप क्वचित घेतला जातो, पण मला तोच सर्वांत खरा वाटतो. उत्तर देणं हे श्रम आहेत, आणि ते ठरावीक माणसांच्या वाट्याला येतात. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक नात्यात एक काकू असते जिला सगळे विचारतात: दिवाळीच्या आधी चकल्या का हसतात, मे महिन्यात छुंद्याला ऊन किती द्यायचं, अमक्याच्या बारशाला लाडू किती. तिने वर्षानुवर्षं सांगावं, आणि लोकांनी घेऊन जावं. पुन्हा तिच्याकडे येतात ते पुढच्या प्रश्नालाच. पुरुषांच्या छंदांमध्ये याला ‘मार्गदर्शन’ म्हणतात आणि सत्कार करतात. काकूच्या बाबतीत ‘तिला आवड आहे’ म्हणतात.

या आक्षेपाला माझ्याकडे युक्तिवाद नाही, एक रीत आहे. हार्वर्डच्या काही संशोधकांनी २०१७ साली संभाषणांचा अभ्यास करून दाखवलं, की जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यातही आधीच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी. यात नवल नाही: धरून विचारायचं तर आधीचं ऐकलेलं असावं लागतं. पण संभाषण संपल्यावर काय, हे त्याहून महत्त्वाचं आहे. काकूने सांगितल्याप्रमाणे मोहन कमी केलं. चकली हसली की नाही, हे तिला कोण सांगतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. तिचं उत्तर बरोबर होतं की नुसतं ठाम होतं, हे तिला कधी कळतच नाही. तिच्याकडचं ज्ञान सुधारायची एकमेव संधी आपण चकली खाऊन संपवतो.

सलीम अलींच्या आधीपासून त्या संस्थेत किरकोळ टिपणं येत राहिली, कारण लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की तिथे कुणीतरी ती वाचतं, जुळवून पाहतं आणि चूक असेल तर पुढच्या अंकात सांगतं. घरगुती ज्ञानाला अशी पुढच्या अंकाची सोय नाही. ती आपणच करायची असते, आणि तिला खर्च नाही.

तेव्हा विचारा, संकोच न करता विचारा, आणि ज्यांना आजवर फक्त सांगत आलात त्यांना आधी विचारा. विचारताना डाळ किती जुनी, पाणी कुठलं, राहता कुठे, हे आपणहून सांगा. आणि काम झालं की परत जाऊन कळवा: जमलं, नाही जमलं, किंवा तुम्ही सांगितलंत त्यात मी एवढा बदल केला आणि असं झालं. न जमलं असेल तर ते आधी कळवा.